पोटातला पत्ता

"संमोहनाच्या प्रयोगात भर स्टेजवर कोंबड्यासारखा आरवला होता तो माणूस. मी स्वतः पाहिलंय," सासरे म्हणाले. "मग हिच्याकडून एक पत्ता काढायला तुम्हाला कितीसा वेळ लागणार?"

पत्ता नणंदेचा होता. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती घर सोडून गेली होती, आणि सासऱ्यांना तिला जावयाच्या हवाली करून लोकांची तोंडं बंद करायची होती. ती कुठे आहे ते धाकट्या सुनेला ठाऊक असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. "माहीत नाही, बाबा," एवढंच ती लाँड्रीत इस्त्री फिरवता फिरवता सांगत आली होती. शेवटी त्यांनी तिला संमोहनवाल्या बाईंपुढे आणून बसवलं.

"त्याला आरवायचं होतं, म्हणून तो आरवला," बाई म्हणाल्या. "मी लोकांची सुईची भीती घालवते. कुणाच्या पोटातलं काढत नाही. आणि यांची इच्छा हवी."

"आहे तिची इच्छा. आहे ना गं?"

नाही म्हणावं तर तिथेच चोर ठरायची. तिने बाईंना हळूच विचारलं, "झोपेत तोंडातून निघून गेलं तर?"

"ही झोप नसते. सगळं ऐकू येईल. खोटं बोलावंसं वाटलं तर बोलता येईल, उठून जावंसं वाटलं तर जाता येईल."

"वा, म्हणजे तिलाच शिकवून ठेवा."

"तुम्ही गप्प बसणार असाल तरच सुरू करते."

ती खुर्चीत रेलली. बाईंच्या संथ आवाजासरशी इस्त्रीने आखडलेला खांदा सैल पडला. रस्त्यावरचे हॉर्न, सासऱ्यांची धुसफूस, सगळं कानावर येत होतं. त्याचा धाक तेवढा वाटत नव्हता.

"कुठंय ती? बोल," सासरे तिच्या कानाशी खेकसले.

"तुम्ही बाहेर व्हा," बाई म्हणाल्या.

सुनेने डोळे उघडले. "मला माहीत आहे, बाबा. सांगणार नाही."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "बघा, अर्धं निघालं की नाही? आता उरलेलं काढा."

"कुणी काढलं नाही. मी सांगितलं, जागेपणी."

"मग माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस."

तिने चपला घातल्या. खाली नवरा स्कूटरवर बसून होता.

"सांगितलंस?"

"नाही."

त्याने गाडी सुरू केली. बस म्हणाला नाही. नणंद लपून राहत होती त्या खोलीच्या बरोबर उलट दिशेला ती चालू लागली. मागून स्कूटर हळूहळू येत होती.