पापाचा तांबडा वाल

तुडीलच्या मठासमोर सारा गाव जमला होता. भाताची कापणी झाल्यावर हंसगिरी महाराजांनी घरोघरी मंतरलेला पांढरा वाल वाटला होता. घर पुण्यवान असेल तर वेलाला पांढरे दाणे येणार, पापी असेल तर रक्तासारखे तांबडे. इतका स्वस्त न्याय मिळाल्यावर डोकं चालवतो कोण?

महाराजांनी रखमाच्या वेलाची वाळकी शेंग फोडली. दाणे तांबडे निघाले.

"नवरा गिळलास, आता गाव गिळशील," महाराज गरजले. "हिचं बियाणं अग्नीला द्या, हिला वेशीबाहेर काढा. नाहीतर सावित्री नदी कोपेल."

विधवा रखमाने मठाला वालाचा वाटा द्यायचं नाकारलं होतं. कोपली होती ती सावित्री नव्हे, बुवा कोपला होता. तिचा दीर हैबती तर तिचं बियाण्याचं मडकं घेऊनच आला.

"भावजी, ह्ये जाळलंव तर मी पेरू काय?" रखमा म्हणाली. "गेल्या साली तुमचा पांढरा वाल रोगानं बसला, तवा माझा तांबडाच नेलाव ना खायला?"

हैबतीने मान खाली घातली, पण मडकं सोडलं नाही.

तेवढ्यात सयाजी मास्तर पुढे आले. ते पुण्याला शेतकी शिकून आले होते. "महाराज, तुमच्या दारातल्या वेलाचीही शेंग फोडू या."

महाराज आडवे आले, तोवर गर्दीतल्या चंद्राबाईने शेंग तोडून फोडलीसुद्धा. आत तांबडे दाणे.

"गेल्या हिवाळ्यात महाराज काट्याने वालाच्या कळ्या उघडून त्यांना दोरे बांधत होते," मास्तर म्हणाले. "तुम्ही पूजा समजून हात जोडलेत. मी शाळेच्या आवारात तेच करून पाहिलं. पांढऱ्या वालाच्या कळीतले पराग काढून टाकले आणि रखमाच्या तांबड्या वालाचे लावले. दाण्याची साल आईच्या वेलाची असते, म्हणून तो दाणा पांढराच दिसतो. पेरला की वेलाला तांबडे दाणे येतात. दोरा बांधलेल्या शेंगांचे दाणे महाराज वेगळे ठेवतात आणि नको असलेल्या घरी देतात. माझे दाणे मी मठाला अर्पण केले, ते त्यांनी दारात पेरले."

"म्हंजी पाप नाय?" हैबतीने विचारलं.

"आहे ना. बाईचं बियाणं जाळायला निघालात ते."

हैबतीने मडकं रखमाच्या हातात दिलं. बुवा मात्र "कलियुग, कलियुग" पुटपुटत मठात शिरला आणि त्याने आतून कडी लावली.

मास्तरांनी रखमाच्या अंगणातला तो वेल दाखवला. गावात त्याच्याइतका जोमदार वेल दुसरा नव्हता. दोन जातींच्या संकराचा तो जोर होता. त्याचे दाणे पेरले की नाना तऱ्हेचे वेल निघतील. त्यातून भरघोस आणि रोगाला न बधणारे निवडत गेलं, तर गावाचं पीक वाढेल. पण त्यासाठी पांढरा आणि तांबडा, दोन्ही वाल जिवंत राहायला हवेत.

मला चीड येते ती याची, की बुवाला कळी उघडायची कला येत होती. तिने गावाची पोटं भरली असती, ती त्याने एका बाईला देशोधडीला लावायला वापरली. म्हणून सांगतो, असल्या माणसासमोर हात जोडण्याआधी त्याच हातांनी एक कळी उघडून बघा.