बटरकपचा मागचा भाग

निदर विकल गावच्या जत्रेतली घोड्यांची शर्यत यंदा लायनेल पिमने जिंकली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण गावानेही तसंच समजायचं ठरवलंय. तेव्हा शर्यत अजून सुरू व्हायची आहे आणि लायनेल नेहमीसारखा घोड्याच्या मागच्या भागात वाकून उभा आहे.

घोडा कापडाचा, नाव बटरकप. आत दोन माणसं. पुढच्याने मुंडकं घालून चालायचं, मागच्याने कमरेत वाकून त्याचा पट्टा धरायचा. पुढे हम्फ्रीकाका असत. त्यांना घोड्याच्या तोंडातून सगळं गाव दिसे. लायनेलला काकांची विजार दिसे. त्याला मिशी फुटली, पोस्टात नोकरी लागली, पण दर उन्हाळ्यात समोर तीच विजार. सुटकेचा मार्ग एकच होता. गावच्या रिवाजाप्रमाणे जिंकलेल्या जोडीने पुढच्या वर्षी जागा बदलायच्या, आणि हरलेल्यांनी आहे तिथेच राहायचं. काका कधीच जिंकले नव्हते आणि त्यांना त्याची घाईही नव्हती.

शिट्टी वाजली.

"काका, पाय उचला!"

"उचलतोय रे. आधी डावा की उजवा ते ठरवू दे."

तरीही बटरकप पुढे निघाला, कारण पबवाल्या फिगच्या घोड्याचे दोन्ही भाग एकमेकांशी बोलत नव्हते आणि अग्निशमन दलाचा घोडा उलट्या दिशेला तोंड करून उभा होता. लायनेलला दिसत काहीच नव्हतं, पण शेजारी टापा वाजत नव्हत्या, एवढं त्याला पुरेसं होतं. त्याचे पाय काकांच्या टाचांवर चढू लागले. चर्चची भिंत गेली, चहाचा तंबू आला, आता एकच वळण. आणि काका थांबले. लायनेलचं कपाळ त्यांच्या पाठीवर आपटलं.

"काय झालं?"

"रांग आहे."

"कसली?"

"चहाची. आपण नेमके तिच्या शेवटी आलोय."

"मग बाजूने जा ना!"

"बाजूने?" लायनेलने भर चर्चमध्ये विजार काढायचं सुचवलं असावं, तसा काकांचा आवाज खाली गेला. "अरे, पुढे ग्रिमशॉबाई उभ्या आहेत. त्यांनी वळून मान हलवली. आता आपण रांगेत आहोत."

मागून धापा टाकत पबचा घोडा आला.

"रांगेतच आहात का?" फिगने मुंडक्यातून विचारलं.

"हो हो, शेवटचे आम्हीच."

"बरं," म्हणून तो मागे उभा राहिला. त्याच्यामागे अग्निशमन दल. सगळी शर्यत आपापल्या क्रमाने उभी राहिली. तिकडे शेवटच्या फितीपाशी लोक ताटकळले. मग घोडे चहाला गेलेत असं कळल्यावर तेही येऊन मागे उभे राहिले.

लायनेल जागच्या जागी पाय आपटत होता. रांग हलली की पट्टा ओढला जाई, थांबली की कपाळ आपटे. त्याच्या पाठीत कळ आली, पोटऱ्या तडतडू लागल्या.

"बिचारा फारच उतावळा झालाय," ग्रिमशॉबाई म्हणाल्या आणि मागे हात लांबवून त्यांनी बटरकपच्या ढुंगणावर दोन थापा मारल्या. 'तुम्ही व्हा पुढे' असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

एकदाचा नंबर आला.

"साखर किती?" आतून विचारणा झाली.

"मागच्याला विचारतो. लायनेल, साखर?"

"मला चहा नको! मला पुढे जायचंय, काका!"

"दोन चमचे म्हणतोय."

तेवढ्यात मागून फिग म्हणाला, "मला काही नको हं, मी फक्त माझा नंबर यायची वाट बघत होतो." आणि त्याच्या टापा वाजू लागल्या.

"काका, चला!"

"थांब रे, या बाई स्कोनच्या पावावर आधी साय लावतायत. आधी जॅम लावायचा असतो, कुणीतरी सांगायला हवं."

लायनेलने पट्टा सोडला. घोड्याचे दोन भाग जोडणारी कमरेची बटणं तटातट तुटली. बटरकपचा मागचा भाग एकटाच, वाकलेला, शेपूट उडवत, गवताशिवाय काहीही न बघता सुटला. त्याच्या दोन पायांना एकच डोकं होतं, फिगच्या चार पायांना दोन. फीत तुटली तेव्हा फिग बराच मागे होता. पाद्रीबाबा आणि बाबागाडीतलं एक बाळ, एवढेच प्रेक्षक उरले होते. बाळाने टाळ्या वाजवल्या.

पाद्रीबाबांनी नियम वाचला. घोड्याचं नाक रेषेपलीकडे गेलं की घोडा जिंकला. बटरकपचं नाक त्या वेळी सायीत होतं.

"लायनेल, फारच सुंदर धावलास हो," ते म्हणाले, "पण धावलं कोण ते आम्हाला सांगता येत नाही."

फिगला करंडक मिळाला. काका कप न सांडता सावकाश आले आणि म्हणाले, "जाऊ दे रे. पुढच्या वर्षी नवी विजार घालीन."

 लायनेल तडक घरी गेला आणि जत्रा समितीला अर्ज लिहायला बसला. त्याचा शेवट असा होता:

"सबब, माननीय समितीस विनंती की निदर विकल गावच्या हद्दीत, केवळ शर्यतीपुरते, घोड्याचे नाक शेपटीखाली असते असे मान्य करण्यात यावे, आणि सदर निर्णय आज दुपारपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात यावा."