जावईबापूंनी पाजलेलं पेट्रोल

मित्रांनो, ज्या मोजक्या वाहनांनी मराठवाड्याला आजचे दिवस दाखवले, त्यांत मी कायम पुढे होते. माझा रिव्हर्स गिअर पडत नाही, त्यामुळे मागे राहायची सोयच नव्हती.

मी एक जुनी जीप आहे. तरुणपणी सरकारी कचेरीत होते. साहेबांना घेऊन पैठणच्या धरणावर जायचे. तिथे लोक हार घेऊन उभे असत. हार साहेबांना पडत, धूळ मला. पुढे वय झालं, लिलाव झाला आणि गंगापूरकडच्या कडूबांनी मला घरी आणलं. माझी पेट्रोलची भूक बघून ते घाबरले. शहरातल्या मिस्त्रीकडून त्यांनी माझं इंजिन काढवलं आणि डिझेलचं बसवलं. काळीज बदललं, पण टाकीच्या झाकणावर रंगवलेलं 'पेट्रोल' तसंच राहिलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी ते पुसलं नाही.

कडूबांची लेक आशा शहरात दिलेली. जावई रामकिसन कंपनीत सुपरवायझर. माणूस चांगला, पण चूक दाखवलेली खपत नसे. मागल्या दिवाळीत त्यांनी हौसेनं बैलगाडी जुंपली आणि मग पंगतीत चुलतसासरे चारचौघांत म्हणाले, "पाव्हणं, सकाळी जू उलटं धरलं व्हतं." पाव्हणे ताटावरून उठले ते थेट एसटीत. तेव्हापासून आशाचं माहेर बंद. यंदा अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला दोघं कशीबशी आली. आशाला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही तिची आणि तिच्या आईची, द्वारकाबाईंची इच्छा. पण जावयाच्या तोंडून 'हो' निघेना.

मग आम्ही सगळे त्यांना शहरात सोडायला निघालो. चालवायला कडूबा. शहराच्या तोंडाशी पंप लागला. पोटात पुरणाचे धोंडे, अंगात आहेराचा पांढराशुभ्र सफारी; पाव्हणे खुशीत होते.

"मामा, बसा तुम्ही. आज गाडीला माझ्याकडून जेवण!"

खाली उतरून त्यांनी झाकण वाचलं आणि ऐटीत सांगितलं, "पेट्रोल. फुल्ल!"

मागे द्वारकाबाईंनी तोंडात पदर कोंबला. आशा कुजबुजली, "आबा, अवो डिझल..."

"गप बस," कडूबा समोर बघतच म्हणाले. "जीप बिघडली तं नीट होती. पाव्हणं बिघडले तं?"

मी प्यायले. नाही म्हणावं, तर तोंडात पाइप.

खोकत, धापा टाकत मी क्रांती चौकापर्यंत आले आणि ऐन चौकात बसले. मागे हॉर्नचा गजर. एक रिक्षावाला ओरडला, "चचा, म्यूझियम में रखो इसको!" पाव्हण्यांनी मला ढकललं. सफारीवर माझ्या मागच्या फळीची नक्षी उमटली.

मेकॅनिक आला. त्यानं टाकी हुंगली. "डिझल की गाडी में पेट्रोल? किस नवाब का काम है ये?"

रामकिसन झाकणाकडे बघतच राहिले. त्यांचे कान लाल झाले. तेवढ्यात कडूबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"माझंच रे बाबा. ध्यान राहत नाय आताशा."

"उमर हो गयी चचा, अब घर बैठो."

"व्हय, व्हय."

टाकी उपसेपर्यंत पाव्हणे फूटपाथवर उभे होते. सासऱ्यांची नजर आली की मान वळवत. शेवटी ते जाऊन उसाचा रस घेऊन आले. एक पेला आशाला दिला, एक सासऱ्यांच्या हातात ठेवला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "मामा, आठवा लागला की आशाला न्यायला या."

द्वारकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"एसटीनं येऊ ना?" कडूबांनी जपून विचारलं.

"नाय, जीपच आणा. डिझल मात्र तुमीच टाका."

मित्रांनो, माझी टाकी आता स्वच्छ आहे. कुठल्याही गाडीला प्रेमानं काही पाजण्याआधी तिला काय चालतं ते विचारून घेत जा. उद्या मला आशाला आणायला जायचं आहे. मी तयार आहे. फक्त मागच्या सीटवर एक कोंबडी खुडूक बसली आहे. ती अंड्यांवरून उठत नाही आणि द्वारकाबाई तिला उठवू देत नाहीत. तेवढी तिची कुणीतरी समजूत काढा.