सिंगापूरला न गेलेला डबा

अश्विनी कोपरगाव तालुक्यातल्या एका पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. गेल्या श्रावणात सत्तरीच्या रंगुबाई तिच्यासमोर आल्या. पिशवीतून त्यांनी शेंगदाण्याची चटणी, दोन खण आणि पत्र्याचा एक डबा काढला. पार्सल सिंगापूरला जायचं होतं. त्यांची धाकटी बहीण चांगुणा तिकडे मुलाकडे, ओमकडे राहायला गेली होती.

डब्यात काय, असं अश्विनीने विचारलं. मिश्री होती, रंगुबाईंनी स्वतः तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली. दोघी बहिणी लहानपणी उसात खुरपायला जायच्या, तेव्हापासून एकाच डब्यातली मिश्री लावायच्या. चांगुणाची संपून दहा दिवस झाले होते. डोकं दुखतंय म्हणून ती फोनवर रडत होती.

अश्विनीने त्या देशाची मनाई असलेल्या वस्तूंची यादी उघडून वाचून दाखवली. दाताला लावायची, चघळायची तंबाखू तिथं पाठवायलाच बंदी. पार्सल जप्त होतं, आणि ज्याच्या नावावर आलं त्याला जाब द्यावा लागतो.

"म्हंजी माज्यावर न्हाई, चांगुणावर येतंय?"

"हो मावशी, त्यांच्यावर."

चटणीत पुडी दडवायचा सल्ला कुणीतरी दिला होता, तेही त्यांनी विचारून पाहिलं. मशीनमध्ये दिसतं, आणि माहीत असून मी घेणार नाही, असं अश्विनी म्हणाली. डबा परत पिशवीत गेला, बाकीचं सामान सिंगापूरला.

महिन्याभराने त्या पुन्हा चटणी घेऊन आल्या. गाल बसले होते. बरं नाही का, असं विचारल्यावर कळलं, की त्या दिवशी पोस्टातून जाताना त्यांनी डबा कॅनॉलमध्ये रिकामा केला होता. त्यानंतर मिश्रीला बोट लावलं नव्हतं.

"तिनं तितं तळमळायचं, आन मी हितं दात घासत बसायचं व्हय?"

अश्विनीचा हात शिक्क्यावरच थांबला. तिच्या नवऱ्याने, हर्षलने, तंबाखू सोडायची शपथ शिर्डीला जाऊन दोनदा घेतली होती. चार दिवसांच्या वर एकही टिकली नव्हती. ही बाई साठ वर्षांची सवय टाकून एकटीच महिनाभर सोसत होती. बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं. आपल्यामुळं झालं असं तिला वाटेल, असं रंगुबाई म्हणाल्या.

तेवढ्यात रंगुबाईंचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर चांगुणाबाई हसत होत्या. डोकं दुखायचं थांबलं, आता आठवणही येत नाही, असं सांगून त्या म्हणाल्या, "अक्का, माजं ऱ्हाऊ दे. तू तरी माज्या वाटची लावत जा."

"व्हय, लावते की," रंगुबाई म्हणाल्या.

कॉल संपला. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पावती मागितली. पावती हातात देताना अश्विनी नकळत खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.