टिटवाळ्याला उतरलेला साहेब

विलायतेत लँकाशायर म्हणून मुलूख आहे. तिथल्या एका कापडगिरण्यांच्या गावात हॅरी ग्रिमशॉ जन्मला. अंगानं किडकिडीत, बोलायला लाजरा, पण पायात वारं भरलेलं. १८८५ साली तिकडे फुटबॉल खेळून पोट भरायची उघड मुभा मिळाली, आणि हॅरी गिरणीतून जो बाहेर पडला तो बारा वर्षं वणवण करत राहिला. सेंटर फॉरवर्ड म्हणजे गोल करणारा गडी. एका गावाचा गडी जायबंदी झाला की हॅरीला बोलावणं यायचं. तो जायचा, दहा-बारा गोल करायचा. मग तिथल्यांना आणखी तरुण कुणी सापडायचा आणि हॅरीची पेटी पुन्हा बांधली जायची. असे आठ संघ झाले.

आठव्या गावात खेळाडू एका गुत्त्याच्या माडीवर कपडे बदलायचे. एका शनिवारी दाराला लावलेल्या यादीत हॅरीचं नाव नव्हतं. त्यानं यादी दोनदा वाचली. मग टोपी घातली आणि जिना उतरून निघून गेला. खाली गर्दी होती, त्यातले निम्मे त्याला ओळखत होते.

लहानपणी शिकलेलं फिटरकाम हातात होतं. त्या जोरावर तो आगबोटीत बसला आणि १८९७च्या सुमारास कल्याणच्या इंजिन-शेडमध्ये येऊन पोचला. फुटबॉलचं नावही काढायचं नाही, असं त्यानं बोटीवरच ठरवलं होतं.

शेडमध्ये त्याच्या जोडीला नाथा होता. मूळचा ठाण्याजवळच्या खाडीकाठच्या बाळकुमचा, मिठागरावर वाढलेला, आता बायकोमुलांसकट कल्याणात राहणारा. दोघांची भाषा म्हणजे थोडी मराठी, थोडी हिंदुस्थानी आणि बाकी पाने-हातोड्यांचा आवाज. दोन वर्षांत हॅरीची मराठी नाथासारखीच झाली.

एका रविवारी नाथा म्हणाला, "सायेब, खोलीन बसून काय करतंस? चल आमच्या गावाला."

ओहोटी लागल्यावर होडी कल्याणच्या बंदरातून निघाली. हिवाळ्याचे दिवस होते. खाडीवर धुकं इतकं दाट की वल्ह्याचं पाणी ऐकू येई, दिसत नसे. मध्येच एखादा बगळा पांढऱ्यातून पांढरा निघायचा आणि पुन्हा पांढऱ्यात विरायचा. हॅरीला वाटलं, आपण पाण्यावरून नाही, झोपेतूनच कुठंतरी चाललोय.

बाळकुमला धुकं विरलं तेव्हा समोर मिठागरं होती. चौकोनी आगरांत आभाळ साचलेलं, बांधावर मिठाच्या राशी. बाजूला कोरडी खार जमीन, टणक आणि सपाट. तिथं नाथाचे भाऊबंद मीठ वाहून दमलेले, तरी चिंध्यांचा एक गोळा लाथाडत होते. गोळा घरंगळत हॅरीच्या पायाशी आला.

पायानं मालकाला विचारलंच नाही. डावीकडं झुकून उजवीकडं वळला, तिघांना चुकवलं आणि गोळा दोन टोपल्यांच्या मधून पार. मग काळुराम नावाच्या दांडग्या आगरकऱ्यानं विचारलं, "सायेब, पुन्ना करशील काय?"

हॅरीनं बूट काढले. उन्हं उतरेपर्यंत तो अनवाणी खेळला.

त्याच महिन्यात इगतपुरीच्या रेल्वे साहेबांचा संघ कल्याणला खेळायला आला. कल्याणकडं एक माणूस कमी पडत होता. शेडच्या मोठ्या साहेबानं सहज विचारलं, आणि हॅरी सहजच हो म्हणाला. त्यानं तीन गोल केले. आठवड्यानं इगतपुरीचं पत्र आलं, फोरमनची जागा देतो, या आणि आमच्याकडून खेळा. मोठ्या साहेबानं त्याच दिवशी बदलीच्या कागदावर सही केली.

नाथाला कळलं तेव्हा तो कानस चालवत होता. हात न थांबवता म्हणाला, "जाव नको."

"का?"

"का म्हंजे? तू हतलाच नं."

आपण इथले, हे हॅरीच्या कधी मनातही आलं नव्हतं. बोलावणं आलं की निघायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. सोमवारी सकाळी पेटी गार्डाच्या डब्यात गेली आणि तो गाडीत बसला.

खिडकीशी त्याचा डोळा लागला. झोपेत त्याची आठही गावं रुळाशेजारी एका रांगेत उभी होती. प्रत्येक गावच्या मैदानावर तोच खेळत होता, आणि गाडी कुठंच थांबत नव्हती. गचका बसून जाग आली तेव्हा गाडी उभी होती. फलाटावर शुकशुकाट, पलीकडं वालाची हिरवी शेतं. टिटवाळा.

तो खाली उतरला. पाय मोकळे करायला म्हणून उतरला असावा. गाडीनं शिट्टी दिली, डबे हलले, त्याची पेटी घाटाकडं निघून गेली, आणि हॅरी होता तिथंच उभा राहिला. मग तो रुळाच्या कडेनं कल्याणकडं चालू लागला.

ऊन तापलं. रूळ पुढं पाण्यासारखे हलत होते. काळू नदीच्या उतारावर त्यानं पाटलोण दुमडली आणि पाण्यात शिरला. इतक्या वर्षांच्या खेळानं दुखऱ्या झालेल्या गुडघ्याला गार पाणी लागलं तसा तो मधोमध थांबला. पायांभोवती बारके मासे फिरत होते. कितीतरी वेळ तो तसाच उभा होता.

पलीकडच्या काठावर वाल खुडत बसलेल्या म्हाताऱ्या सखुबाईनं हे सगळं पाहिलं. साहेब वर आल्यावर तिनं मडकं पुढं केलं. तो ओंजळीनं प्यायला.

"कुठला रं तू?" तिनं विचारलं.

"कल्याणचा," हॅरी म्हणाला.

म्हातारीनं मान डोलावली, जणू त्यात विशेष काही नव्हतंच, आणि पुन्हा शेंगांना लागली. हॅरी मात्र चार पावलं गेला आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, ते पुसत तो चालत राहिला.

दुपारी तो शेडमध्ये शिरला. मोठा साहेब संतापला. इगतपुरीची जागा गेली, आणि इथंही त्याला एक पायरी खाली उतरवलं. नाथानं सरकून जागा केली, आणि उघडलेल्या पंपाचा एक भाग त्याच्या हातात दिला. पेटी आठ दिवसांनी परत आली.

पुढं चार हिवाळे दर रविवारी हॅरी बाळकुमला खेळला. मग गुडघ्यानं साथ सोडली. तेव्हापासून तो बांधावर बसायचा, नाथाच्या घरून आलेली भाकरी खायचा आणि ओरडून सगळ्यांना जागा दाखवायचा. एका संध्याकाळी काळुरामनं असा फटका मारला की चेंडू थेट भरलेल्या आगरात पडला. पाण्यातलं आभाळ फुटल्यासारखं दिसलं. सगळे हसत एकमेकांकडं पाहत राहिले. हॅरी बुटांसकट त्या मीठपाण्यात उतरला, आणि तांबूस उजेडातून लंगडत चेंडूकडं निघाला.