आकाराम फिटरच्या हातचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे वयानं नव्हे. वय माझं जेमतेम दीड वर्ष. पण कळंब्यातल्या एका घरात कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मला उभं केलंय, अंगावर चादर टाकलीय. ज्याच्यावर अशी वेळ येते त्याला जुनंच म्हणतात.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. माझी डिस्क एका दुकानातली, पंखा दुसऱ्यातला, डबा तिसऱ्यातला. हे सगळं एकत्र आलं ते आकाराम फिटर यांच्या जेवणाच्या टेबलावर. त्यांची मुलगी संयोगिता त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणतो.

आबा कागलच्या एमआयडीसीत हंबीरराव मालकांच्या शेडमध्ये तीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, होते. ज्यांच्या कंपन्याच बंद पडल्या अशा उसाच्या जुन्या घाण्यांचे, जुन्या पंपांचे सुटे भाग तिथं बनायचे. शेडच्या भिंतीवर या भागांचे एकशे बारा लोखंडी नमुने टांगलेले होते. त्यांचं ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं. कुठं किती घ्यायचं, कुठं किती सोडायचं, ते फक्त आबांच्या बोटांना ठाऊक. आणि आबा पुढच्या वर्षीच्या दिवाळीला निवृत्त होणार होते.

तेव्हा मालकांनी एक गोष्ट ठरवली. संयोगितानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. तिनं पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत सगळ्या नमुन्यांची ड्रॉइंग संगणकावर करून द्यायची, मग शेडच्या ड्रॉइंगच्या खोलीत तिला कायमची नोकरी. तिच्या वर्गातल्या मुली केव्हाच पुण्याला गेल्या होत्या. आई वारल्यापासून आबांना एकटं टाकून जायला हिचं मन होत नव्हतं, आणि जवळपास तिच्या कामाची दुसरी जागा नव्हती. ही एकच होती.

आता संगणक कसला घ्यायचा यावर घरात दोन दिवस वाद झाला. संयोगिताचं म्हणणं सरळ होतं. शोरूममधला तयार घ्यावा. एकच कंपनी, एकच वॉरंटी, बिघडला तर माणूस घरी येतो. तिनं आबांना तो नेऊन दाखवलासुद्धा. आबांनी त्याला मागून-पुढून न्याहाळलं आणि त्यांची नजर पाठीवरच्या कागदी सीलवर अडली. ते फाडलं की वॉरंटी गेली, असं दुकानदारानं सांगितलं.

आबा म्हणाले, "जे मशीन मला उघडता येत न्हाय, ते माझं कसं व्हईल?"

झालं. शोरूमचा विषय तिथंच संपला. खरं सांगू का, मला तेव्हा त्या वाक्याचा फार अभिमान वाटला होता. त्या एका वाक्यामुळे तर मी जन्माला आलो.

संयोगिता मोबाइलवर बघून सांगायची आणि आबा जोडायचे. लेथवरच्या माणसानं इतके बारीक स्क्रू कधी धरले नव्हते, पण एकही निसटला नाही. आधी समोरासमोरचे, मग उरलेले, थोडे थोडे करून त्यांनी आवळले. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा त्यांनी माझ्या अंगावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मशीन थरथरतं का ते बघायची त्यांची ती पद्धत. मग ते हसले. शेजारीपाजारी बघायला आले, त्यांना आबांनी चहा पाजला आणि माझं झाकण काढून आतलं सगळं दाखवलं. लेक जरा लाजली, पण तिलाही ते आवडलं होतं.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सोन्याचं. रविवारी आबा पोत्यातून नमुने घरी आणायचे. व्हर्निअर लावून माप सांगायचे, ती काढायची. नुसती मापं नव्हेत. या चाकाचा दात मूळचा तुटायचा म्हणून मी इथं जाडी वाढवली, या बुशाला उन्हाळ्यात फुगायला जागा लागते, असं काय काय. बाप-लेक आधी इतकं कधी बोललेच नव्हते. ते सगळं माझ्यात साठत गेलं. ज्याचं ड्रॉइंग झालं तो नमुना फौंड्रीत वितळायला जायचा, कारण भिंत पाडून तिथं नवी मशीनं बसायची होती.

संयोगिता म्हणायची, झालेली ड्रॉइंग मालकांना देत जाऊ. आबांना ते पटत नव्हतं. अर्धा जॉब मालकाच्या हातात द्यायचा नसतो, सगळं एकदम, दसऱ्याच्या मुहूर्तावर. तिनंही ऐकलं. एक प्रत काढून ठेवायचं तिच्या मनात रोज यायचं, आणि रोज ते उद्यावर जायचं. काम नीट चाललेलं असताना असल्या गोष्टींची घाई कुणाला वाटते?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शेडमधली सगळी मशीनं धुऊनपुसून पूजेला मांडतात. पहिल्या वर्षी संयोगितानं माझ्या डब्याला बाहेरून एक कुंकवाचं बोट लावू दिलं, तेवढंच. यंदा काम पुरं झालं होतं. एकशे बाराही. ती सकाळी पेनड्राइव्ह आणायला गावात गेली आणि इकडं आबांनी मला रिक्षात घालून शेडवर नेलं. इतर मशीनांबरोबर आपल्या घरच्याचीही पूजा व्हावी, एवढीच त्यांची इच्छा. माझं झाकण उघडून त्यांनी धूळ पाहिली आणि कॉम्प्रेसरची नळी हातात घेतली. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज सकाळी सोडून द्यायचं असतं. सणाच्या गडबडीत ते कुणी सोडलं नव्हतं. हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे बारीक थेंब माझ्या आत कोपऱ्याकोपऱ्यात गेले. लेथला त्यानं काही होत नाही. आबा मात्र मायेनं, एकही जागा न सोडता, हवा मारत राहिले.

मग हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आरती झाली की प्रत्येक मशीन क्षणभर चालवायचं, अशी त्या शेडची रीत. आबांनी माझं बटण दाबलं. आत फट्‌ असा आवाज झाला, थोडा धूर निघाला. एवढंच माझं मरण.

दुकानदारांनी मला एकमेकांकडे पाठवलं आणि आतले डाग पाहून सगळ्यांनीच वॉरंटीवर काट मारली. आतली ड्रॉइंग काढून मिळतात का बघायला डिस्क पुण्याला गेली आणि तीन आठवड्यांनी चिठ्ठीसह परत आली. काहीच निघालं नाही. नमुने वितळून गेलेले. हंबीरराव रागावले नाहीत. त्यांनी जुन्या भागांचं कामच बंद केलं, आणि कामच नाही तर ड्रॉइंगची खोली कशाला? दिवाळीला आबांना शाल-श्रीफळ मिळालं. संयोगिता आता दुसऱ्या एका कंपनीत खोक्यांवर लेबलं चिकटवायला जाते. ती आबांना एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

मित्रांनो, संगणक तयार घ्यावा की स्वतः जोडावा, हे मला विचारू नका. सीलबंद असतो तर त्या दिवशी मला कुणी उघडलं नसतं, हे खरं. पण मग आबांनी माझ्यावर तळवाही टेकवला नसता. एवढंच सांगतो, जे परत मिळणार नाही त्याची दुसरी प्रत आजच करा. आणि ज्याच्यावर माया करता, त्याला काय सोसत नाही तेही विचारून घ्या. माझ्या बाबतीत हे सांगून आता काही उपयोग नाही.

आबा हल्ली दुपारी खाकी कागद पसरून बसतात. नमुने आठवून आठवून काढतात. दोन महिन्यांत अकरा झाले. संध्याकाळी संयोगिता कामावरून आली की ते कागद तिच्यापुढं सरकवतात आणि विचारतात, "माप बरुबर हाय का, बघ की."

ताडून बघायला आता जगात काहीही उरलेलं नाही. ती कागद हातात घेते, बराच वेळ बघते.

"बरुबर हाय, आबा," ती म्हणते, आणि भाकरी टाकायला आत जाते.