टेलरबाईंचा रस्ता

लिफ्टमास्तरांच्या बायकोने, म्हणजे टेलरबाईंनी, जन्मभर शिवणकाम केलं, आणि तेही गॅलरीच्या दाराशी बसून. पाय पायडलवर, एक डोळा सुईवर आणि दुसरा खाली रस्त्यावर. कुणाची पँट आखूड झाली, कुणाच्या मुलीने नवा कोट घातला, कोणता गडी घरातून भांडून निघालाय, हे त्यांना वरूनच कळायचं. मास्तर लिफ्टच्या दुरुस्त्या करून, हाताला ग्रीस फासून घरी आले, की जेवताना रस्त्याच्या बातम्या मिळत. मास्तरांना त्यात काडीचा रस नसे. हूं हूं करत ते जेवायचे.

मग टेलरबाई विसरायला लागल्या. आधी मापं विसरल्या, मग गॅस. एक दिवस जिन्यात पडल्या. परदेशातल्या मुलीने आणि मास्तरांनी फोनवर बरीच रडारड करून त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरवलं. केंद्र तसं चांगलं होतं. खोली स्वच्छ, नर्सताई प्रेमळ. पण खोलीची खिडकी मागच्या भिंतीवर उघडायची. टेलरबाई दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसत. मास्तर रोज भेटायला जात. त्या त्यांना 'भाऊ' म्हणत. केंद्रातला कुणीतरी मिस्त्री असावा अशी त्यांची समजूत होती. "भाऊ, तो पंखा जरा बघा हो, आवाज करतोय." मास्तर पंखा बघत. पंख्याला काहीही झालेलं नसे.

एकदा मास्तरांनी गॅलरीतून रस्त्याचं रेकॉर्डिंग केलं आणि केंद्रातल्या टीव्हीवर लावलं. टेलरबाई एकदम सावरून बसल्या. सबंध दुपार त्यांनी मान वळवली नाही. मास्तर घरी आले ते हवेत तरंगतच.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "हे बंद करा. हा सायकलवाला कालच गेला ना इथून? ह्याच मोज्यांत?"

स्वतःच्या लेकीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. पण मोजे लक्षात राहिले होते.

"मग व्हिडिओ कॉल लावून ठेवा," मुलगी फोनवर म्हणाली.

"तो मधेच तुटतो. मग तिथे उचलायला कुणीतरी लागतं. नर्सताईंनी काय तेवढंच करायचं?"

"बाबा, लाइव्ह स्ट्रीम करायचा म्हणजे क्लाउडवर खातं उघडा, चॅनेल बनवा... तुम्हाला झेपेल का?"

"एवढ्या लिफ्ट चालवल्या. एक रस्ता चालवता येणार नाही?"

ते बोलून गेले खरे, पण खातं उघडतानाच घाम फुटला. सगळी माहिती भरून झाल्यावर पडद्यावर प्रश्न आला: प्रेक्षक किती अपेक्षित आहेत? खाली पर्याय होते. सगळ्यात लहान पर्याय 'शंभरपर्यंत'. त्याहून कमी लोकांसाठी कुणी एवढा खटाटोप करत असेल, हे त्या क्लाउड कंपनीच्या मनातही आलं नसावं. मास्तरांनी शंभरवर टिचकी मारली. त्यांना उगाच खोटं बोलल्यासारखं वाटलं.

चॅनेलला नाव द्यायचं होतं. त्यांनी 'रस्ता' असं लिहिलं. मग क्लाउडने एक पत्ता दिला आणि एक लांबलचक किल्ली दिली. किल्ली म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. कॅमेऱ्याने चित्र त्या पत्त्यावर पाठवायचं, किल्ली जुळली की क्लाउड दार उघडणार, आणि तिथून एक लिंक निघणार. ती लिंक केंद्रातल्या टीव्हीत उघडली की झालं. कागदावर हे सोपं होतं.

कॅमेरा त्यांनी गॅलरीच्या कठड्याला पट्टीने आवळला. समोरच्या घरांच्या खिडक्या दिसू नयेत, नुसता रस्ता दिसावा, असा कोन साधला. किल्ली कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चिकटवली. चॅनेल सुरू करायचं बटण दाबलं. 'सुरू होत आहे' असं आलं, आणि तसंच राहिलं. मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. मग हात मागे घेतला. बटण सारखं दाबलं म्हणून लिफ्ट लवकर येत नाही, हे लोकांना सांगण्यातच त्यांची नोकरी सरली होती.

चॅनेल सुरू झालं. पडदा मात्र काळाच.

सगळ्या तारा पुन्हा तपासल्या. काळाच. शेवटी त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला चॅटवर लिहिलं. तिकडून कुणीतरी बाई उत्तर देत होत्या.

'आपला कार्यक्रम किती वाजता आहे?'

'कार्यक्रम नाही. रस्ता आहे,' मास्तरांनी लिहिलं.

'रस्त्यावर काय आहे? शर्यत? मिरवणूक?'

'नाही. माणसं येतात जातात.'

मग: 'प्रेक्षक?'

'एक. माझी बायको. आजारी आहे. तिला सवय आहे बघायची.'

बाईंनी किल्ली चिकटवलेल्या चौकटीचा फोटो मागवला आणि लिहिलं, 'किल्लीच्या शेवटी एक रिकामी जागा शिरली आहे. ती पुसा.'

मास्तरांनी पुसली. पडदा उजळला, आणि त्यात त्यांचा रस्ता दिसू लागला. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानाबाहेर उभा राहून जांभई देत होता. मास्तरांनी खात्रीसाठी कॅमेऱ्यासमोर हात हलवला. पडद्यावर हात नाही. चुकलं की काय, म्हणून ते खाली वाकले, आणि तेवढ्यात पडद्यावर एक हात हलला. म्हाताऱ्या माणसाचा, शिरा वर आलेला. क्षणभर त्यांना ओळखच पटली नाही.

'दिसलं,' त्यांनी लिहिलं. 'पण उशिरा दिसतं.'

'तेवढा उशीर राहणारच,' बाईंनी लिहिलं. 'त्यांना नमस्कार सांगा.'

मास्तरांनी नर्सताईंना फोन करून लिंक लावायला सांगितली आणि शर्ट अडकवून निघाले. रस्ता ओलांडताना त्यांनी थांबून वर पाहिलं. कॅमेरा जागेवर होता.

ते पोचले तेव्हा टेलरबाई टीव्हीसमोर ताठ बसल्या होत्या.

"या भाऊ. बसा. पण मधे येऊ नका."

मास्तर बाजूच्या खुर्चीत बसले. न्हाव्याकडे गिऱ्हाईक आलं. एक बाई मुलाला ओढत घेऊन गेली. "बाही लांब आहे पोराची," टेलरबाई म्हणाल्या. "वाढत्या अंगाची शिवलीय. शहाणी आहे बाई." बऱ्याच दिवसांनी त्या एवढं सलग बोलत होत्या.

मग म्हणाल्या, "मगाशी एक माणूस गेला. वयस्कर. शर्टाची खांद्यावरची शिवण उसवलेली."

मास्तरांनी नकळत खांद्यावर हात ठेवला. वर कोट होता. केंद्रात गारवा असतो म्हणून त्यांनी तो केंद्राच्या दारातच चढवला होता.

"रस्त्याच्या मधोमध थांबला आणि वर बघितलं त्याने. वर कुणी नव्हतं."

"कशावरून?"

"कुणी असतं तर हात केला नसता? तसाच गेला बिचारा." त्या टीव्हीकडेच बघत होत्या. "बायको नसणार त्याला."

"असेल की."

"असती तर तसल्या शर्टात बाहेर पडू दिलं असतं?"

मास्तरांना हसू आलं. "आहे हो त्याला बायको," ते म्हणाले. "शिवायची सुद्धा. फार सुंदर शिवायची. आता हात थकलेत तिचे."

टेलरबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या ओळखीचा आहे?"

"थोडासा."

"मग त्याला म्हणावं, शर्ट इकडे आण. दोन टाक्यांचं तर काम."

पण केंद्रात सुई द्यायला परवानगी नव्हती. नर्सताई वाईट वाटून म्हणाल्या, "माझ्या हातात नाही हो ते." तेव्हा संध्याकाळी घरी येऊन मास्तरांनी मशीनवरचं कापड पहिल्यांदाच काढलं. धागा ओवताना नाकी नऊ आले. पायडल दाबलं की चाक उलटं फिरायचं. शेवटी त्यांनी हातानेच शिवण घातली, आणि दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून रस्ता ओलांडला. थांबले, वर पाहिलं, आणि ह्या वेळी हात केला. न्हाव्याने कुतूहलाने गॅलरीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

"आला होता तुमचा ओळखीचा," टेलरबाईंनी त्यांना गेल्या गेल्या सांगितलं. "शिवलाय खांदा. पण काय ते टाके! गोणपाट शिवल्यासारखे. स्वतःच शिवलेलं दिसतंय."

"हो. स्वतःच."

"हात केला त्याने आज."

"मग तुम्ही?"

"मी पण केला," त्या म्हणाल्या, आणि जराशा लाजल्या. "त्याला काय दिसतंय म्हणा."

असं ते चालू राहिलं. मास्तर सकाळी चॅनेल सुरू करत, रस्ता ओलांडत, आणि केंद्रात जाऊन स्वतःच्या बातम्या ऐकत. आज तो माणूस हळू चालत होता. आज त्याने दाढी केली नव्हती, घरात धाक नाही कुणाचा. आज छत्री होती, पण उघडली नाही, वेंधळा. लग्नाच्या इतक्या वर्षांत टेलरबाईंनी त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं असेल, असं मास्तरांना वाटेना. कदाचित पाहिलंही असेल. तेव्हा ते जेवत असत. पण भाऊ म्हणून ते खोलीतून निघत, तेव्हा त्या वळूनही बघत नसत.

मग मास्तर तापाने आजारी पडले. अंथरुणातून उठून चॅनेल तेवढं सुरू करायचे आणि परत आडवे व्हायचे. घरात मशीन, दोन खुर्च्या आणि ते. मुलीचा फोन आला की आवाज खणखणीत काढायचा, एवढीच दिवसाची मेहनत. एका दुपारी नर्सताईंचा फोन आला.

"बरं वाटतंय का मास्तर? खोटं कशाला सांगू, तुमची चौकशी त्या करत नाहीत. पण रस्त्यावरचा कुणी माणूस येत नाही म्हणून दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. सारख्या विचारतात, त्याला काही झालं तर नाही ना? मला काही कळेना, म्हणून तुम्हाला फोन केला."

"विचारतात?" मास्तर म्हणाले. "काळजीने?"

"डोळ्यात पाणी येतं हो त्यांच्या."

मास्तर उठले. तोंडावर पाणी मारलं, केस विंचरले. भिंतीला धरत धरत जिना उतरले. रस्ता ओलांडून न्हाव्याच्या दुकानासमोर, कॅमेऱ्यात नीट येईल अशा जागी उभे राहिले आणि वर हात केला. तो पोचायला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून हात तसाच वर धरून ठेवला.

न्हावी बाहेर आला. "मास्तर, बरं नाही ना तुम्हाला? कुणाला हात करताय?"

"बायकोला."

न्हाव्याने रिकाम्या गॅलरीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आतून खुर्ची आणून त्याने रस्त्याच्या कडेला ठेवली, आणि मास्तर तोंड वर करून तिथेच बसून राहिले.